कळीचा चुना: विरवायचा कसा, वापरायचा कुठे आणि जपायचं कशापासून

दुकानात जाऊन नुसतं ‘चुना द्या’ म्हटलं, तर चार वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडू शकते. पहिली चुनखडीची भुकटी, म्हणजे न भाजता दळलेला दगड. मैदानावर रेषा मारायची फक्की पुष्कळदा हीच असते आणि ती फारशी त्रासदायक नाही. दुसरी कळी. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध दगडामागे ५६ किलो कळी उरते. तिसरी विरलेल्या चुन्याची कोरडी पावडर, कळीला पाणी पाजून, चाळून पिशवीबंद केलेली. चौथा खायचा चुना, डबीतला किंवा पुडीतला, ओला. ब्लीचिंग पावडरही पांढरीच दिसते, पण ती वेगळीच चीज आहे. तिचा विषय पुढे येईल.

या सगळ्यांत कळी सर्वांत धोक्याची. तिला पाणी हवं असतं आणि ते ती मिळेल तिथून घेते: हवेतून, मानेवरच्या घामातून, डोळ्यातल्या ओलाव्यातून. पाणी घेताना एक किलो चांगली कळी इतकी उष्णता सोडते, की तीन लिटर थंड पाण्याला उकळी फुटावी. विरल्यावर ही आग संपते, पण चुना निरुपद्रवी होत नाही. चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. म्हणजे कळी भाजते आणि डसते, विरलेला चुना नुसता डसतो. दोन्ही डोळ्याला सारखेच वाईट.

कळी घेताना

चांगली कळी आकाराच्या मानानं हलकी, पांढरी आणि कोरडी असते. हाताला जड लागणारा खडा आतून कच्चा असण्याची शक्यता जास्त, कारण गाभा भाजलाच गेलेला नसतो. कडेनं भुगा झालेली, फुललेली कळी हवेतल्या ओलाव्यानं आधीच विरलेली असते. पुढे ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी व्हायला लागते. अशा चुन्यानं ना भिंत धरते ना बोर्डो (मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुन्याचं पिकांवर फवारायचं मिश्रण) जमतं. फाटलेल्या पोत्यातली, पावसाळा काढलेली कळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पारख सोपी आहे. स्टीलच्या रुंद पातेल्यात अर्धा लिटर पाणी घ्या, चष्मा लावा, बाजूला उभे राहा आणि त्यात १०० ग्रॅम कळीचे सुपारीएवढे खडे सोडा. ताजी कळी थोड्याच मिनिटांत चरचरते, फुटते आणि पाणी हात लाववणार नाही इतकं तापवते. पंधरा-वीस मिनिटांनीही पाणी कोमटच असेल तर कळी मेलेली किंवा जळकी आहे. जळकी म्हणजे भट्टीत जास्त भाजलेली. ती सावकाश विरते, आणि विरली नाही असं समजून लोक टाकून देतात किंवा, त्याहून वाईट, तशीच भिंतीला लावतात. सगळं थंड झाल्यावर पातेल्यातला चुना गाळून खाली उरलेली कच वाळवा आणि तोला. शंभरात दहा ग्रॅमपेक्षा जास्त कच म्हणजे माल हलका.

विरवण्याची रीत

आधी पाणी, मग कळी. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. कळीच्या ढिगावर तांब्याभर पाणी ओतलं, की तेवढं पाणी क्षणात वाफ होतं, खडे फुटून उडतात आणि उकळता चुना तोंडावर येतो. पाणी अगोदरपासून भरपूर असेल तर उष्णता त्यात पसरते.

भांडं लोखंडी पिंप किंवा सिमेंटची टाकी असावी. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. ओला चुना ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेऊ शकतो. पातळ प्लॅस्टिकची बादली उष्णतेनं मऊ पडून बसते. भांडं निम्म्याहून जास्त भरू नये, कारण विरताना चुना दुपटीहून अधिक फुगतो आणि वर उसळतो.

एक किलो कळीला चार ते पाच लिटर पाणी धरा. खडे थोडे थोडे, लांब दांड्याच्या फावड्यानं सोडा. हातानं नको. पहिला घाणा थोडा शांत झाला की पुढचा सोडायचा. लाकडी दांड्यानं ढवळत राहा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.

इथे दोन चुका होतात. पाणी कमी पडलं, तर चुना आतून फार तापतो, कोरडा होतो आणि त्याच्या बारीक कडक गोळ्या होतात. अशा गोळ्यांवर नंतर पाणी ओतलं तरी त्या मऊ होत नाहीत. उलट, संथ कळीला एकदम खूप थंड पाणी दिलं तर ती बुडते: तापतच नाही, वरचा थर विरतो आणि आतला भाग तसाच राहतो. म्हणून संथ कळीला सुरुवातीला थोडं कोमट पाणी द्यावं, आणि तडतडणाऱ्या कळीला थंड आणि भरपूर. दोन्ही चुकांचा परिणाम महिन्याभरानं दिसतो. गिलाव्यात राहिलेला न विरलेला कण भिंतीतच पाणी ओढतो, फुगतो आणि वाटाण्याएवढी खपली उडवतो.

विरलेला चुना पूर्ण थंड होईपर्यंत हलवून ठेवा, बारीक जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवा. पांढरीसाठी, म्हणजे भिंतीला चुन्याचा पातळ हात द्यायला, एक दिवस पुरतो. गिलाव्यासाठी निदान दोन आठवडे मुरू द्यावा, जास्त मुरला तर आणखी चांगला. पाण्याखाली तो खराब होत नाही, हवा लागली की होतो.

अंगावर काय घालायचं

बाजूनं बंद असलेला गॉगल. साधा नंबरचा चष्मा पुरत नाही, कारण शिंतोडे खालून आणि कडेनं येतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून चुन्याजवळ जाऊच नये. हातात रबरी मोजे. कापडी मोजे चुना शोषून घेतात आणि तो तासन् तास कातडीला लावून ठेवतात. बूट गुडघ्याखालपर्यंत रबरी, आणि पॅन्ट बुटाच्या बाहेर. आत खोचली, की उडालेला चुना सरळ पायापर्यंत जातो.

नाकाला ओला रुमाल बांधायची सवय सोडायला हवी. कळीची धूळ ओल्या कापडात विरते आणि तोंडावर गरम चुन्याची पट्टी बसते. धूळ अडवायला एन-९५ मास्क घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घाम हा स्वतंत्र धोका आहे: मान, कंबर, मनगट, काखा, जिथे कपडा घासतो तिथे धूळ बसते आणि घामात ती डसू लागते. म्हणून कळीचं काम सकाळी लवकर उरकावं, मधे मधे हातपाय धुवावेत आणि काम संपल्यावर अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत.

गवंडीकामातला एक धोका फार कमी जणांना ठाऊक असतो. ओल्या चुन्यात किंवा सिमेंटमध्ये गुडघे टेकून काम करताना पहिला तासभर काहीच दुखत नाही. चुना हळूहळू कातडी गाळतो, आणि संध्याकाळी आग व्हायला लागते तोवर जखम खोल गेलेली असते. कपडा ओला झाला की लगेच बदलायचा. दुखण्याची वाट पाहायची नाही.

डाळिंबासाठी बोर्डो

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात केगावला २००५ पासून आहे, आणि तेल्या रोगाच्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाच्या) बंदोबस्तात बोर्डोचं नाव इथल्या बागाईतदारांना नवं नाही. तरीही बोर्डो बिघडतं ते बहुतेक वेळा चुन्यामुळे, मोरचुदामुळे नाही.

एक टक्क्याच्या १०० लिटर मिश्रणाला एक किलो मोरचूद आणि एक किलो ताजी कळी लागते. मोरचूद बारीक करून कापडात बांधा आणि ५० लिटर पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर लोंबकळत ठेवा. तळाशी टाकलं तर तिथेच गोळा होऊन बसतं. भांडं प्लॅस्टिकचं हवं. लोखंडी पिंपात मोरचुदातलं तांबं पिंपाला चिकटतं, द्रावण पातळ होतं आणि पिंपही सडतं. कळी दुसरीकडे चार-पाच लिटर पाण्यात विरवा, पूर्ण थंड होऊ द्या, मलमलीतून गाळा आणि ५० लिटर करा.

नंतर मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं चुन्याच्या पाण्यात सोडत ढवळा, किंवा दोघांची धार एकाच वेळी तिसऱ्या पिंपात धरा. चुना मोरचुदात ओतू नये. कोमट चुन्यात मिसळलं, तर कण जाड होतात, लवकर खाली बसतात आणि नोझल तुंबते. नीट जमलेलं मिश्रण आकाशी निळं असतं आणि बराच वेळ तरंगत राहतं. पटकन तळाला बसणारं मिश्रण फवारू नका.

फवारण्याआधी चाचणी कराच. घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं मिश्रणात एक-दोन मिनिटं धरा. त्यावर तांबूस थर आला म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे, आणि ते पानं जाळेल. चुन्याचं थोडं थोडं पाणी घालून थर यायचा थांबेपर्यंत पुन्हा पाहा. इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एक किलो मोरचुदाशी पुरती क्रिया व्हायला शुद्ध कळी फक्त २२४ ग्रॅमच्या आसपास लागते. बाकीचा चुना मिश्रण पानाला सौम्य राहावं आणि चिकटावं म्हणून असतो. म्हणजे किलोभर कळी घालूनही खिळा लाल होत असेल, तर त्या कळीतला तीन चतुर्थांशाहून जास्त चुना मेलेला आहे. दुकान बदला.

कळी न मिळाल्यास ताज्या, सीलबंद विरलेल्या चुन्याची पावडर १.३ किलो घ्या, कारण ५६ किलो कळी विरली की पाण्यासह ७४ किलो होते.

केलेलं बोर्डो त्याच दिवशी संपवा. त्यात दुसरं कीटकनाशक, प्रतिजैविक किंवा विद्राव्य खत मिसळू नका. चुन्याचा अल्कली गुण बरीच औषधं मोडतो. फवारा बागेच्या विश्रांतीच्या काळात आणि छाटणीनंतर द्यायचा. फळं वाढीला लागल्यावर दिला तर सालीवर निळसर डाग राहतात. ढगाळ, दमट दिवशी, पानं लवकर वाळत नसतील तेव्हा, थांबलेलं बरं. छाटणीच्या जखमांना आणि बुंध्याला लावायची पेस्ट वेगळी असते: एक किलो मोरचूद, एक किलो कळी, दहा लिटर पाणी, ब्रशनं. पंप लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि ते पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात जाऊ देऊ नका. तांबं माशांना मारतं.

जमिनीत मात्र टाकू नका

पुस्तकांत चुना टाकून जमीन सुधारायचा सल्ला असतो. तो आम्ल जमिनींसाठी आहे, कोकणासारख्या जास्त पावसाच्या भागासाठी. सोलापूरच्या काळ्या जमिनींत चुना आधीच पुष्कळ असतो आणि पीएच साधारण आठच्या वर असतो. वखरताना वर येणारे पांढरे खडे हा त्याचाच पुरावा. अशा जमिनीत आणखी चुना घातला तर लोह आणि जस्त अडकतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. त्यावर पुन्हा लोहाच्या फवारण्या करत बसावं लागतं. आधी माती तपासून घ्या. जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) असेल तर तिथे जिप्सम किंवा गंधकाचा विचार होतो, चुन्याचा नाही. आणि कुठल्याही कामासाठी चुना अमोनियम सल्फेटसारख्या खताजवळ ठेवू नका. दोघं ओले झाले, की अमोनिया सुटतो: डोळ्यांना झोंबतो आणि खतातलं नत्र हवेत जातं.

पांढरी

एक किलो कळी, पाच लिटर पाणी, एक दिवस मुरवण, मग कापडातून गाळणं. वर किलोमागे २० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. पांढरेपणा खुलायला चिमूटभर नीळ. इथल्या कोरड्या उन्हात पांढरी बोटाला लागून सुटते याचं कारण बहुधा घाई असतं. चुना भिंतीवर नुसता वाळत नाही, तो ओला असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. दुपारी तापल्या भिंतीवर हात मारला तर पाणी दहा मिनिटांत उडतं आणि खाली पावडर उरते. म्हणून भिंत आधी झाडून, ओली करून, सकाळी किंवा सावलीत, पातळ दोन-तीन हात द्यावेत. एक जाड हात कधीच नको. गच्चीवर अशीच पांढरी दिली, तर ऊन परत फेकलं जातं आणि खालची खोली कमी तापते. डोक्यावर हात उंचावून छताला पांढरी देताना मात्र गॉगलशिवाय काम करू नये, कारण प्रत्येक थेंब डोळ्याकडेच येतो.

साखर कारखान्यातल्या मंडळींसाठी

गाळपाच्या हंगामात रसात चुन्याचं दूध घालतात ते रसातली आम्लता काढायला आणि मळ खाली बसवायला. साफ रस पीएच ७ च्या जवळ ठेवतात. आम्ल राहिला तर साखर मोडते, चुना जास्त झाला तर रंग चढतो आणि पुढे बाष्पकांच्या (रस आटवायच्या यंत्रांच्या) नळ्यांत खर बसते. स्लेकर (कळी विरवायचं यंत्र) साफ करताना त्याचा वीजपुरवठा बंद करून कुलूप लावा, तो पूर्ण थंड होऊ द्या आणि तळातल्या कचीवर एकदम पाणी मारू नका. न विरलेली कळी त्याच कचीत दडलेली असते. डोळे धुण्याचा नळ चुन्याच्या टाकीपासून दहा पावलांवर हवा, आणि पाळी सुरू होताना तो एकदा उघडून पाहायला हवा.

घरातला चुना आणि मुलं

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब हा लहान मुलांच्या डोळ्यांचा मोठा शत्रू आहे. मूल ती दाबतं, ती फुटते आणि घट्ट चुना थेट डोळ्यात जातो. पुडी खिशात, खिडकीत, बिडीच्या सुपाशेजारी ठेवू नका. झाकणाच्या डबीत, उंचावर.

‘रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, कॅल्शियम मिळेल’ हा सल्ला मोबाइलवर सारखा फिरतो. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यातून त्यातला अगदी थोडा भाग मिळतो, आणि मोठ्या पेलाभर दुधातून ३०० च्या आसपास. त्यातून बांधकामाचा चुना खाण्यासाठी तपासलेला नसतोच. मुलानं चुना गिळला, तर तोंड धुवा, उलटी करवू नका, लिंबू देऊ नका, दवाखान्यात न्या.

ब्लीचिंग पावडर आणि चुना एका जागी साठवू नका. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि चुना समजून कुणीतरी ती भलत्याच कामाला वापरतो. विहिरीचं पाणी शुद्ध करायचं काम ब्लीचिंगचं, त्याच्या जागी चुना चालत नाही. यात्रेच्या मैदानावर किंवा वारीच्या वाटेवर अनवाणी माणसं चालतात, तिथे कळीची भुकटी टाकूच नये.

डोळ्यात गेला तर

पहिलं मिनिट डॉक्टरपेक्षा महत्त्वाचं. चुन्यासारखा अल्कली डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा विरघळवत आत शिरतो, थांबत नाही. ताबडतोब, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्यानं, नळाच्या बारीक धारेखाली किंवा तांब्यानं, सलग तीस मिनिटं डोळा धुवा. डोकं असं कलतं ठेवा, की चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला राहील, नाहीतर दुसऱ्या डोळ्यात वाहील. पापण्या बोटांनी उघड्या धरा, मूल रडलं तरी. बुबुळ वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा. पापणीखाली चिकटलेला चुना ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं हळूच टिपा. तो कण आत राहिला, तर तासभर धुऊनही चुना झिरपतच राहतो. डोळा चोळू नका. तूप, दूध, गुलाबपाणी, लिंबू, व्हिनेगर, यातलं काहीही घालू नका. आम्लानं चुना मारायचा प्रयत्न डोळ्यालाच भाजतो.

मग १०८ ला फोन करा किंवा थेट नेत्ररुग्ण विभाग असलेल्या दवाखान्यात जा. सोलापूर शहरात सिव्हिल हॉस्पिटल आहे. वाटेतही धुणं चालू ठेवा आणि ‘चुना गेलाय’ हे दारातच सांगा. दुखणं कमी झालं म्हणून घरी थांबू नका.

कातडीवर कोरडी कळी पडली, तर आधी मऊ ब्रशनं किंवा कोरड्या कापडानं झटकून टाका, कपडे उतरवा, मग वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. झटकायच्या आधी तांब्याभर पाणी ओतणं म्हणजे कळी अंगावर विरवणं.

साठवण आणि उरलेला माल

कळी जमिनीपासून वर, फळीवर, सीलबंद पोत्यात आणि गळक्या पत्र्यापासून दूर ठेवा. यंत्रमागाच्या सुताच्या गोदामात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा लाकडी टेम्पोत अवकाळी पावसात ताडपत्रीशिवाय ती कधीही नेऊ नका. भिजलेली कळी पोतं, सूत, कडबा पेटवू शकते. आग लागली, तर बादलीभर पाणी नको, कोरडी वाळू टाका.

गाळताना उरलेली कच आणि तळातला गाळ आठवडाभर भरपूर पाण्यात भिजत ठेवा, म्हणजे त्यातली न विरलेली कळी संपते. नंतर तो वाळवून मुरूम-खडीसोबत वाटेच्या भरावात टाकता येतो. वरचं पांढरं पाणी गटारात सोडू नका. गच्चीच्या पुढच्या पांढरीला तेच वापरा.